लाल शाईतला शेरा

आबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि मी आज पहिल्यांदाच तुम्हाला पत्र लिहून राहिलो. मी असं 'राहिलो' म्हणालो की तुम्ही फोनवरसुद्धा खाकरायचे. पोटची एकुलती एक पोरगी पुरुषासारखं बोलते, ते ऐकूच आलं नाही असं दाखवायचं आणि लगेच विचारायचं, पाऊस झाला का तिकडं. नांदेडच्या पावसाची तुम्हाला एवढी फिकीर होती की दर रविवारी विचारायचे, भर उन्हाळ्यातसुद्धा. मी पण सांगायचो, झाला म्हणून, नाही तर अजून नाही म्हणून. असा आपण दोघं बाप-लेक कैक वर्षं नुसता पाऊस बोललो. आज पावसाचं काही सांगणार नाही. आज राग काढायचाय, आणि तुम्हाला मधे खाकरता येत नाही हे एक बरं झालं.

गोष्ट अशी की मला कायमची नोकरी लागली. दवाखान्याच्या लॅबमध्ये अकरा वर्षं कंत्राटावर लोकांचं रक्त तपासलं, दर अकरा महिन्यांनी नवा हुकूम, मधे दोन दिवस घरी. परीक्षा दिली, यादीत नाव आलं, कागदपत्रांच्या पडताळणीला बोलावलं. टेबलामागं तिघं जण बसलेले. माझ्या फाईलीत सगळं होतं. आधार, पॅन, नाव बदलल्याचा राजपत्रातला कागद, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं ओळखपत्र. त्याच्यावर लिंग ह्या शब्दापुढं 'पुरुष' छापलंय. त्या एका शब्दासाठी काय काय केलं ते सगळं सांगत बसत नाही. हैदराबादला ऑपरेशनला गेलो तेव्हा सही करायला घरचं माणूस कोण म्हणून विचारलं, तर लॅबमधल्या एका मित्राला भाऊ म्हणून उभं केलं, एवढं कळलं तरी बास. तर मधल्या बाईंनी एकेक कागद पाहिला आणि शेवटी शाळेच्या उताऱ्यावर बोट ठेवलं. तो तुम्हीच लिहून दिलेला, तुमच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. नावाआधी 'कु.' आणि पुढच्या रकान्यात 'मुलगी'. बाई काही वाईट नव्हत्या, आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाल्या, बाकीचं सगळं ठीक आहे हो, पण मूळ कागद शाळेचाच धरतात, तेवढी नोंद दुरुस्त करून आणा. पंधरा दिवसांची मुदत दिली. त्यात नाही जमलं तर यादीतला खालचा उमेदवार घेणार. पस्तिशीत आलेल्या माणसाची सगळी भाकर एका रकान्यावर येऊन थांबली, आणि तो रकाना तुम्ही भरलेला.

तुमचं ते दाखल-खारीज रजिस्टर मला अजून डोळ्यापुढं दिसतं. खाकी कागदाचं कव्हर, कोपरे कुरतडलेले, लोखंडी कपाटात वरच्या खणात, आणि कपाटाची किल्ली तुमच्या करदोट्याला. देवणीहून येणारी बस जिथं वळते तिथंच आपली शाळा, त्यामुळं आसपासच्या वाड्या-तांड्यांवरची लेकरं पण तुमच्याकडंच यायची. जूनमध्ये बाया पोरांना बखोटीला धरून आणायच्या. तुम्ही विचारायचे, कधीचा हाय हा? बाई सांगायची, भूकंपाच्या आदल्या साली, पेरणीच्या वक्ताला. तुम्ही लिहायचे एक जून. दुसरी सांगायची, ज्वारी काढून राहिलो होतो तवाचा. तुम्ही लिहायचे एक जून. साल ठरवायचं तर पोराला म्हणायचे, डोक्यावरून हात घाल आणि पलीकडचा कान धर. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी. अर्धं गाव असं तुम्ही एक जूनला जन्माला घातलं. तुम्ही स्वतःही एक जूनचेच, तुमच्या गुरुजींनी जन्माला घातलेले. तुम्ही रिटायर झाले त्या मे अखेरीला तालुक्यातले एवढे मास्तर एकाच दिवशी रिटायर झाले की निरोपाच्या नारळांची दुकानात मारामार झाली होती, हे तुम्हीच हसून सांगायचे.

आणि नुसत्या तारखाच नाही. नवऱ्यानं टाकलेली एक बाई पोराला घेऊन आली, म्हणाली, ह्याला बापाचं नाव लावायचं न्हाई गुरुजी. तुम्ही तिच्या भावाचं लावून टाकलं, विचारलं ना पुसलं. कोणाचं आडनाव बदलून दिलं, कोणाचं गाव. तुमची लेखणी लई दयाळू होती असं अख्खं गाव सांगतं, अजून सांगतं. आणि माझं? मी लातूरच्या दवाखान्यात जन्मलो, चिठ्ठी होती, दिवस, वार, वजन सगळं लिहिलेलं. मास्तराच्या घरचं लेकरू, त्याला कशाला एक जून. तुम्ही माझी तारीख चिठ्ठी बघून लिहिली आणि चिठ्ठीवर होतं म्हणून पुढं 'मुलगी' लिहिलं. त्या सबंध रजिस्टरात तुमच्या मते शंभर टक्के खरी अशी एकच नोंद होती, आणि नेमकी तीच खोटी निघाली. ह्याला हसावं का रडावं ते मला अजून कळलेलं नाही.

बरं, रजिस्टरातला एक शब्द माणसाला किती टोचतो हे तुम्हाला माहीत नव्हतं असंही नाही. तुम्हाला शाळेत घालायला आजोबा गेले, तेव्हाच्या हेडमास्तरानं धर्माच्या रकान्यात सवयीनं 'हिंदू' लिहिलं आणि पुढं आपली जुनी जात. आजोबा म्हणाले, आम्ही दीक्षा घेतलीय, बौद्ध लिहा. तो म्हणाला, लिहिलं ते लिहिलं, आता खाडाखोड होत नसते. आजोबा पायरीवर बसले ते चार दिवस उठले नाहीत, मजुरी बुडवून बसले, आणि चौथ्या दिवशी शब्द बदलून घेऊनच घरी आले. ही गोष्ट तुम्ही दर वर्षी जयंतीच्या स्टेजवर सांगायचे. "कागदावर आपुन कोन हाव, हे दुसऱ्यानं ठरवायचं न्हाई," असं म्हणून माईकसमोर थांबायचे, आणि माणसं टाळ्या वाजवायची. मी पण वाजवायचो, आबा. पहिल्या रांगेत बसून, हात लाल होईपर्यंत. मला वाटायचं, हा माणूस एक दिवस माझं पण ऐकणार.

सायकलीचं तुम्हाला आठवतं का माहीत नाही. मी सातवी झालो तेव्हा तुम्ही उदगीरहून सायकल आणली, बसच्या टपावर टाकून. मी दांडीची सायकल मागितली होती, तुम्ही लेडीज आणली, पुढं टोपली असलेली. तुम्हाला किती आनंद झाला होता, मी कसं सांगू की नको म्हणून. आई म्हणाली, चालवून दाखव की गं. चालवली. मग दुसऱ्या दिवशी मी कुडाची एक काठी घेतली आणि सीटपासून हँडलपर्यंत सुतळीनं आवळून बांधली. झाली दांडी. त्या दांडीवरून तंगडी टाकून मी गावभर तीन दिवस फिरलो, कोणी हसलं तरी मला काही वाटेना. चौथ्या दिवशी उठून बघतो तर सुतळ्या सोडून गुंडाळून टोपलीत ठेवलेल्या. तुम्ही चुलीपुढं बसून चहाला जाळ घालत होते आणि माझी दांडी चुलीत होती, अर्धी जळलेली. तुम्ही काही बोलले नाही, मारलं नाही, मला चहा दिला, वर बशीत फरसाण दिलं. आई तोंड फिरवून पीठ मळत होती. माझ्या आयुष्यात तुम्ही मला कधी मारलं नाही हे खरंय, आणि लोकांना ते मी अभिमानानं सांगतो, पण कधीकधी वाटतं, दोन रट्टे मारले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

आई गेल्यावर तर तुम्ही अजूनच मऊ झाले. मी अकरावीला होतो. तुम्ही भाकरी थापायला शिकले, ती मधे जाड आणि कडेला फाटायची, आणि आपण दोघं वरण कालवून ती खायचो. तुम्ही मला नांदेडला शिकायला पाठवलं, केस कापले तरी काही म्हणाले नाही, शर्ट-पँट घातली तरी काही म्हणाले नाही. तुमचं हे काही न म्हणणं मी होकार धरून चाललो, तिथंच फसलो. माणूस गप्प आहे म्हणजे तो आपल्या बाजूचा आहे, असं लेकराला वाटतंच ना.

मग वरच्या कोर्टाचा तो निकाल आला, की आम्ही स्वतःला जे मानतो ते सरकारनं मानावं. त्याच आठवड्यात मी पेपरचं कात्रण खिशात घालून नांदेडहून निघालो. एप्रिलचं ऊन, दोन बसा बदलून थेट शाळेतच आलो, कारण घरी बोलायची हिंमत नव्हती, ऑफिसात टेबल तरी मधे असतं. तुम्हाला रिटायर व्हायला वर्षभर बाकी होतं. मी कात्रण ठेवलं आणि म्हणालो, माझ्या नोंदीत दुरुस्ती पाहिजे, तुम्ही हेडमास्तर आहात तोवर वर प्रस्ताव पाठवा. तुम्ही कात्रण पूर्ण वाचलं, तुमच्या सवयीप्रमाणं चष्मा कपाळावर घेऊन पुन्हा वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडं सरकवलं.

"बाई," तुम्ही म्हणाले, "ह्या रजिस्टरात खोटं लिहायला मी हितं बसलो न्हाई."

मी म्हणालो, "आबा, ह्या रजिस्टरात खरं कोणाचं हाय?"

तुमचा चेहरा पडला. मला वाटलं आता काहीतरी बोलाल, रागानं का होईना. तुम्ही फक्त म्हणाले, तू हो पुढं, भाकरीचं बघ, मी कपाट लावून येतो. मी पुढं झालो, घरी जाऊन पीठ मळलं. तुम्ही अर्ध्या तासानं आले. जेवताना तुम्ही विचारलं, नांदेडला पाऊस झाला का. एप्रिलमध्ये, आबा. मी जेवण केलं आणि दुपारच्या बसनं परत गेलो.

त्यानंतर दोन वर्षांनी तुम्ही गेले, झोपेतच, कोणाला त्रास दिला नाही. चुलतभावाचा फोन आला, मी पोचेस्तोवर सगळी तयारी झालेली. त्रिशरण झालं, पंचशील झालं, आणि अग्नी द्यायची वेळ आली तेव्हा माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आपल्यात मुलगीसुद्धा अग्नी देऊ शकते, हे पण तुम्हीच स्टेजवरून सांगायचे. पण मुलगी म्हणून पुढं बोलवावं तर समोर पँट घातलेला, मिशा फुटायला लागलेला माणूस उभा, आणि मुलगा म्हणून बोलवावं तर तुमच्या इज्जतीचं काय? शेवटी चुलतभावानं अग्नी दिला. मी शेवटपर्यंत जीपच्या बाजूला, ड्रायव्हरजवळ उभा होतो. तो बिचारा मला म्हणाला, मयत तुमच्या ओळखीचे होते का. मी म्हणालो, हाव, माझे गुरुजी होते.

तर पडताळणीच्या दुसऱ्याच दिवशी मी शाळेत गेलो. आता तिथं मॅडम हेडमास्तर आहेत, तुमच्याच हाताखाली शिकलेल्या. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला, मग म्हणाल्या, अगं, आणि लगेच जीभ चावून म्हणाल्या, या, बसा ना भाऊ. ह्या एका 'भाऊ'नं मला किती बरं वाटलं काय सांगू. कागद दाखवले, काम सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यात काय, कलेक्टरचा कागद आहे ना, प्रस्ताव करून देते. आणि कपाट उघडता उघडता त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. नववीत असताना घरच्यांनी त्यांचं लग्न ठरवलं, सुपारी फुटली. तुम्ही रजिस्टर काखेत मारून त्यांच्या दारात जाऊन बसले आणि म्हणाले, ही बघा तारीख, पोरगी अजून चौदा वर्षांची हाय, मांडव घातला तर मी सोता पोलीस आणीन. त्या तारखेनं वय दोन वर्षांनी कमी दाखवलं होतं, आणि ती तुम्हीच लिहिली होती. "गुरुजींच्या त्या खोट्या तारखेवर माझं सगळं आयुष्य उभं हाय," मॅडम म्हणाल्या, आणि हसल्या, "वर दोन वर्षं नोकरी जास्तीची मिळाली ती येगळीच." मी पण हसलो. त्या क्षणी मला तुमचा अभिमान वाटला, हे लपवत नाही.

मग त्यांनी माझं पान काढलं. वाचलं आणि रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. शेऱ्याचा रकाना. तुमच्या मोत्यासारख्या अक्षरात, लाल शाईनं: 'सदर नोंदीतील नाव अथवा लिंग यात कोणीही, केव्हाही बदल करू नये. संबंधिताने मागणी केल्यास ती अमान्य समजावी.' खाली सही, शाळेचा गोल शिक्का, आणि तारीख. तारीख त्या एप्रिलमधलीच. तू हो पुढं, मी कपाट लावून येतो. मी घरी तुमच्यासाठी भाकरी थापत होतो आणि तुम्ही लाल शाईचा पेन शोधत होते. 'संबंधित' म्हणजे मी, आबा. तुम्हाला 'माझी मुलगी' पण लिहिता आलं नाही. नाही म्हणाले होते तेवढं पुरे नव्हतं का? रिटायर झाल्यावर, मेल्यावरसुद्धा दुसऱ्या कोणाला माझं ऐकता येऊ नये, ह्याची तजवीज करून गेले. ज्या माणसानं आख्ख्या गावासाठी लेखणी वाकवली, त्यानं घरच्यासाठी काळ्या दगडावर रेघ मारली. मी त्या ऑफिसात, तुमच्याच खुर्चीसमोर, तुम्हाला शिवी दिली. मॅडमनी ऐकली. त्या शिवीची मला अजून लाज वाटत नाही.

मॅडम म्हणाल्या, प्रस्ताव मी पाठवते, पण गुरुजींच्या शेऱ्यावर काट मारायला माझा हात चालायचा नाही, वरून लेखी आलं तर बघू. त्यांनी प्रस्ताव केला आणि प्रामाणिकपणे त्यात शेऱ्याचंही लिहिलं. तो घेऊन मी लातूरच्या वरच्या ऑफिसात गेलो. तिथले कारकून पन्नाशीचे, समंजस माणूस, गूळ-शेंगदाणे खात होते, मला पण मूठभर दिले. सगळं वाचून म्हणाले, नोंद बदलायची अडचण नाही, अडचण शेऱ्याची आहे. नोंद एखाद्या वेळी चुकून होते, शेरा माणूस विचार करून मारतो. तेव्हा शेरा मारणाऱ्याचं म्हणणं जोडा. मी म्हणालो, ते वारले. ते म्हणाले, अरेरे, मग त्यांच्या वारसाचं हरकत नसल्याचं शपथपत्र आणा, वारस दाखल्यासह. मी म्हणालो, वारस मीच आहे, दुसरं कोणी नाही. तुम्ही गेल्यावर तहसीलमधून काढलेला दाखला माझ्या फाईलीतच होता. त्यांनी तो हातात घेतला, एकदा दाखल्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. दाखल्यावर एकच वारस, मयताची मुलगी, माझ्या जुन्या नावानं. शेंगदाणे खायचे थांबले. मग खाली बघत, अगदी हळू म्हणाले, मग दाखल्यात आहे तसंच लिहून सही करावी लागेल हो, माझा नाइलाज आहे. म्हणजे बघा कशी गंमत, मला मुलगा करायला तुमच्या मुलीची परवानगी लागत होती.

कोर्टाच्या बाहेर टायपिस्ट बसतात त्यांच्यातल्या एकाकडं गेलो. त्यानं वारस दाखला बघून मजकूर सांगायला सांगितला आणि म्हणाला, ताईंना बोलवून घ्या, सही समोर लागते. मी म्हणालो, ताई मीच. त्यानं मान वर करून बघितलं, राजपत्राचा कागद बघितला, आणि तंबाखूची गोळी गालात सरकवून पुन्हा मशीनकडं वळला. रोज वाटण्या नि घटस्फोट टाइप करणारा माणूस, त्याला काय नवल. सही करायच्या आधी मी एका रद्दी कागदावर जुनी सही गिरवून बघितली, कारण इतक्या वर्षांत हात ती विसरला होता. तिसऱ्या खेपेला जमली. मी, मयत मुख्याध्यापकांची एकुलती एक मुलगी व कायदेशीर वारस. हे वाक्य लिहिलेल्या कागदाखाली मी सही केली, तेव्हा बाजूच्या टपरीवर दोघं जण सोयाबीनच्या भावावरून वाद घालत होते आणि मला वाटत होतं, आबा, जिंकले तुम्ही. मेल्यानंतर नऊ वर्षांनी माझ्याकडून मुलगी म्हणून लिहून घेतलंच.

तेराव्या दिवशी वरून पत्र आलं. मॅडमनी तुमच्या शेऱ्याखाली लाल शाईनंच लिहिलं, वरील शेरा रद्द, आणि पत्राचा क्रमांक टाकला. लिहिताना त्यांचे डोळे भरले होते, ते माझ्यासाठी का तुमच्यासाठी मी विचारलं नाही. 'मुलगी'ला गोल करून वर 'मुलगा' लिहिलं, 'कु.'वर आडवी रेघ मारली, सही केली, शिक्का मारला. नवा उतारा घेऊन मी पुढच्या दिवशी पडताळणीच्या बाईंपुढं ठेवला. त्या म्हणाल्या, अरे वा, मुदतीच्या आत आणलात. नेमणुकीचा हुकूम आता माझ्यासमोर टेबलावर आहे. लॅबमध्ये पेढे वाटले. सगळे खूश आहेत, आणि मी खोलीवर येऊन तुम्हाला हे लिहून राहिलो, म्हणजे माझं कुठं चुकतंय ते तुम्हीच बघा.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच आहे. चुलतभावाकडं पाठवलं तर तो जाहीर वाचन करील. राहू द्या फाईलीत. फक्त एक सांगायचं राहिलं, ते अजून कोणाला सांगितलेलं नाही, मॅडमनासुद्धा नाही. कारकुनानं दोनच गोष्टी मागितल्या होत्या, मी वारस आहे आणि माझी हरकत नाही. टायपिस्टनं तेवढंच टाइप करून कागद माझ्यापुढं धरला होता. मी म्हणालो, अजून एक ओळ घाला. त्यानं ऐकली आणि म्हणाला, वर मुलगी लिहिलंय, खाली हे, बसत न्हाई हो. मी म्हणालो, घाला. 'माझ्या मयत वडिलांनी त्यांच्या हयातीतच मला मुलगा म्हणून स्वीकारले होते.' शपथेवर आहे, आबा, खाली माझी सही आहे. ती ओळ माझ्याकडं कोणी मागितली नव्हती.